घरे बांधता येतात, गाव घडवावे लागते

(आपत्तीनंतरचे पुनर्वसन आणि समाजाची भूमिका या विषयावरील व्याख्यान)



नैसर्गिक आपत्ती म्हटली की समाजाच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते मदतकार्याचे पहिले दहा दिवस. ढिगारे उपसणारे हात, अन्नछत्रे, रक्तदानाच्या रांगा, अनोळखी मृतांवर सन्मानाने अंत्यसंस्कार करणारे तरुण. जात, पक्ष, प्रांत विसरून माणसे धावतात आणि समाजाच्या अंतरंगात जे जे उत्तम असते ते या दिवसांत प्रकट होते. पण अकराव्या दिवशी वृत्तपत्रांचे मथळे बदलतात. मदतीचे ट्रक परतू लागतात. नेमक्या त्याच सुमारास, उद्ध्वस्त गावाने पुढची पन्नास वर्षे कुठे आणि कसे जगायचे, याचा निर्णय कुठल्या तरी कार्यालयात होत असतो. त्या वेळी गाव शोकात बुडालेले असते आणि समाजाचे लक्ष दुसरीकडे वळलेले असते. आजच्या विवेचनाचा विषय तो निर्णय हा आहे.

घर हे दगड, विटा, सिमेंट, लोखंड यांचे बनते. ते कोणीही कोणालाही बांधून देऊ शकतो. गाव मात्र शेजार, नाती, श्रमाची देवाणघेवाण, देवस्थान, पाणवठा, शिवार आणि स्मृती यांचे बनते. ते बाहेरून बांधून देता येत नाही. ते गावकऱ्यांनाच घडवावे लागते. महाराष्ट्राने ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली आहे.

किल्लारी : आपत्ती आणि तिची कारणे

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून मराठवाड्यातील गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. अधिकृत आकडेवारीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. जगाच्या मापाने हा मध्यम स्वरूपाचा भूकंप. तरीही एवढा संहार का व्हावा?

याचे उत्तर भिंतींमध्ये होते. दोन ते तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आतील सांधणी मातीची. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाचे छत आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छप्पर त्या पहाटे शेकडो किलो वजनाने निजलेल्या माणसांवर कोसळले. अनेक घरांत सागाचे खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. भिंती तेवढ्या ढासळल्या. याचा अर्थ जुन्या विद्येत ग्राह्य असेही काही होते आणि त्याज्य असेही. ते नीट पारखण्याची उसंत मात्र कोणाला मिळाली नाही. दगडाने माणसे मारली, आता दगड नको, सिमेंटच हवे, अशी भयग्रस्त मागणी सर्वत्र उमटली. ती स्वाभाविक होती.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत किल्लारीला धक्के बसले होते. धरणीने वर्षभर आधी सूचना दिली होती. पण हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होता. नकाशावर विश्वास ठेवला गेला, सूचनेवर नाही. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच रद्द करण्यात आला.

बावन्न गावांचे स्थलांतर

शासनाने तत्परता दाखविली, हे मान्य केले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखण्यात आला. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर करून सुमारे २८ हजार घरे बांधण्याचे ठरले. देशभरातील सेवाभावी संस्था आणि उद्योगसमूह पुढे आले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, भूकंपाला तोंड देतील अशी घरे खेड्यात उभारण्याचा अनुभव तोवर देशात फारसा नव्हता. ही घरे मजबूत झाली, आणि ज्या माणसाने भिंतीखाली आपले लेकरू गमावले, त्याला निर्धास्त झोप देणे ही काही लहान कामगिरी नव्हे.

तरीही नव्या वसाहती पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. कुटुंबाकडे जमीन किती, यावर घराचे आकारमान ठरविण्यात आले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. प्रशासनाच्या दृष्टीने हा सोपा हिशेब होता. पण घरे आकारानुसार ओळीने मांडली गेली, तेव्हा वस्तीही त्याच हिशेबाने विभागली गेली. थोरला भाऊ एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. बाळंतपणात धावून येणारी शेजारीण, अर्ध्या रात्री हाक मारता येणारा चुलता, यांच्यामध्ये रुंद आणि सरळ रस्ते आले. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट क्षेत्रावर नवे गाव पसरले. म्हाताऱ्या माणसाला देवळापर्यंत चालत जाणे अवघड झाले. रस्ते, गटारे आणि दिवे यांच्या देखभालीचा बोजा ग्रामपंचायतीला पेलेनासा झाला. शेतही अनेकांना दूर पडले.

घराच्या आतही तेच. मराठवाड्यातील शेतकऱ्याचे घर म्हणजे ढेळज, चौक, ओसरी, धान्याचे बळद, शेजारी गोठा आणि कडब्याची गंजी. ते राहण्याचे ठिकाण होते आणि शेतीचे कारखानेही होते. अडीचशे चौरस फुटांच्या सिमेंटच्या खोल्यांत बैल कुठे बांधावा, ज्वारी कुठे साठवावी, औत कुठे ठेवावे, याचे उत्तर नकाशात नव्हते. मग लोकांनी आपले उत्तर आपणच शोधले. घरापुढे पत्र्याची पडवी उभी राहिली, मागे गोठा आला, आणि कित्येक ठिकाणी भूकंपरोधक खोली धान्याचे कोठार झाली, तर माणसे पत्र्याखाली झोपू लागली. नियोजनकारांनी याला अतिक्रमण म्हटले असेल. वस्तुतः तो गावाने आराखड्यावर नोंदविलेला अभिप्राय होता.

त्याच कार्यक्रमातील दुसरी वाट

याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा चर्चिला गेला नाही. ज्या गावांत पडझड कमी होती, तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांच्या हातून करण्यात आले. पैसा टप्प्याटप्प्याने मालकाच्या बँक खात्यात, मार्गदर्शन अभियंत्याचे आणि काम गावच्या गवंड्याचे. भिंतींत आरपार दगड कसे बसवावेत, दारे-खिडक्यांवरून सलग पट्टा कसा फिरवावा, माळवदावरचा मातीचा भार कसा कमी करावा, हे गवंडी शिकले.

याहून महत्त्वाचे म्हणजे गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम संघटित केले. कधी घराबाहेर न बोललेल्या स्त्रिया अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवू लागल्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तो अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. ज्यांना जगाने ‘भूकंपग्रस्त’ ठरविले होते, त्या दुसऱ्यांच्या मार्गदर्शक झाल्या. पुनर्वसन यशस्वी झाले की नाही, हे पाहण्याची याहून चांगली कसोटी सांपडणे कठीण.

दीर्घकाळ ठाण मांडून केलेल्या कामाचेही मोल येथे सांगितले पाहिजे. धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथे भूकंपानंतर ज्ञानप्रबोधिनीचे कार्यकर्ते गेले आणि तेथेच राहिले. शिक्षण आणि शेती यांभोवती तेथे केंद्र उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्यात केली. छप्पर मिळाले, आता पुढच्या पिढीचे काय, हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांचे काम टिकले.

कच्छने काय वेगळे केले?

किल्लारीनंतर सात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले. तीव्रता ७.७. गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे गेली, लाखो घरे पडली. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीला निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली गाडले गेले. हेच अंजार १९५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा जुन्या शहराबाहेर नवे अंजार वसविण्यात आले. पण जुन्या शहरातील त्याच गल्ल्या पुन्हा तशाच भरत गेल्या. पंचेचाळीस वर्षांत समाज विसरला. नवी वस्ती उभारून जुना धोका नाहीसा होत नाही. त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवावी लागते.

२००१ मध्ये आरंभी येथेही उद्ध्वस्त गावे हलविण्याचा विचार पुढे आला. पण गावांनी नकार दिला. १९९८ च्या चक्रीवादळानंतर एकत्र आलेल्या स्थानिक संस्थांचे ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ तेथे आधीपासून होते. त्यांनी लोकांचे मत गोळा करून शासनापुढे ठेवले, ‘सेतू’ केंद्रे उघडून गाव आणि शासन यांत दुवा साधला. शासनानेही ऐकले. ८ फेब्रुवारी २००१ रोजी, म्हणजे भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत, गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले आणि मालकानेच आपले घर बांधावे, हे सूत्र मुख्यत्वे स्वीकारण्यात आले. मदत तीन हप्त्यांत; पुढचा हप्ता अभियंत्याने बांधकाम तपासल्यावरच. घर पती-पत्नी दोघांच्या नावे. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण. बांधलेल्या घरांचा विमा. बन्नी प्रदेशातील मातीच्या भिंतींचे गोल ‘भुंगे’ भूकंपात चांगले टिकले होते. त्यांचे शास्त्र समजावून घेऊन स्थानिक पद्धतीने सुरक्षित बांधणी करण्याचे प्रयोगही झाले. जुन्याची सरसकट निंदा नाही आणि आंधळा अभिमानही नाही, अशी ही दृष्टी होती.

भुज शहराचा प्रश्न अधिक अवघड होता. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, लहान भूखंड. तेथे नगररचना योजनेद्वारे, अगदी लहान भूखंड वगळून, प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी जागा घेऊन रस्ते रुंद करण्यात आले. मोठ्या भूखंडाने अधिक द्यावे, लहानाने कमी. आपल्या अंगणाचा तुकडा शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी सोडणे, ही नागरिकत्वाची खरी परीक्षा. त्यात वेळ गेला, वाद झाले. परंतु पुढच्या आपत्तीत रुग्णवाहिका आत जाईल एवढी वाट मोकळी झाली.

गावाची चूक पुन्हा बांधू नये

कच्छच्या यशालाही छाया आहेत आणि त्या लपविणे योग्य नव्हे. घर मालकाने बांधावे असे म्हटले, की ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? भुजमधील भाडेकरूंचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. भूमिहीन मजूर, नावावर कागद नसलेली विधवा, पालात राहणारे भटके कुटुंब, हे सर्व ‘मालक’ या शब्दाच्या बाहेर राहतात.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की काही ठिकाणी पुनर्वसनाच्या निमित्ताने गाव जातीजातींत विभागले गेले आणि वेगवेगळ्या जागी वसले. लोकेच्छा म्हणून जे मांडले जाते, त्यात बलवानांचा आवाज मोठा असतो. जुन्या गावात वेशीबाहेर ठेवलेली वस्ती नव्या नकाशातही वेशीबाहेरच आखली जाणार असेल, तर भूकंपाने पाडलेल्या भिंती समाजाने पुन्हा बांधल्या असेच म्हणावे लागेल. आपत्तीच्या रात्री एकाच पंगतीत जेवलेली माणसे नव्या वसाहतीत एकाच पाणवठ्यावर यावीत, यासाठी कोणीतरी धैर्याने उभे राहावे लागते. गावाचा शेजार जपायचा आणि गावाचा अन्याय मोडायचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. ती कंत्राटदार करू शकत नाही. ते समरसतेवर श्रद्धा असणाऱ्या कार्यकर्त्याचे काम आहे.

‘दत्तक गाव’ या शब्दाचाही फेरविचार व्हावा. दत्तक घेतले जाते ते अनाथाला. ज्या गावाला शेकडो वर्षांचे ग्रामदैवत, जत्रा आणि शिवार आहे, ते अनाथ कसे? देणाऱ्याने पाठीशी उभे राहावे, फलकापुढे नव्हे.

स्थलांतर केव्हा अपरिहार्य?

याचा अर्थ गाव कधीच हलवू नये असा नाही. जेथे जमीनच विश्वासघात करते, तेथे हलावेच लागते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप झाले. १५१ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी या वस्त्यांवर तेच संकट कोसळले. अशा ठिकाणी भूगर्भशास्त्रज्ञाचा शब्द अंतिम मानावा लागतो.

माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले आणि २०१७ मध्ये लोकांना घरे मिळाली. पण पहिल्याच पावसाळ्यात नव्या गावठाणातील रस्ते आणि भराव खचल्याच्या तक्रारी झाल्या. डोंगरउतारावर वस्ती वसवायची तर पाण्याच्या वाटा आधी आणि घरे नंतर आखावी लागतात, हा धडा त्यातून मिळतो. स्थलांतर करायचे झाल्यास ते शेतापासून, पाण्यापासून आणि रानापासून शक्य तितके जवळ असावे. कातकरी आणि ठाकर कुटुंबांचे पोट ज्या रानावर चालते, त्यापासून त्यांना तोडून पक्के घर दिले, तर ते घर कुलूपबंद राहण्याचा संभव अधिक.

आराखडा आपत्तीपूर्वीच हवा

२००५ मध्ये देशाने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार होतात. पण त्यांचा भर सुटका आणि मदत यांवर असतो. पुनर्बांधणीची पूर्वतयारी हे प्रकरण बहुधा कोरेच राहते. ते गावपातळीवर भरून काढता येते आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही.

पहिले काम नोंदींचे. घर कोणाचे, हे सांगणारा कागद भिंतीबरोबर गाडला गेला, की मदतीची वाट अडते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आपल्या गावात ते काम पूर्ण झाले का, पत्रिकेवर पत्नीचे नाव आहे का, भाड्याने राहणारे आणि गायरानावर राहणारे यांची यादी आहे का, हे पाहणे कोणत्याही शाखेला, मंडळाला, बचत गटाला शक्य आहे.

दुसरे काम गवंड्यांचे. शंभर इमारती तपासणारा अभियंता वर्षातून एकदा येतो. गवंडी रोज भिंत चढवितो. भूकंपरोधक बांधणीचे चार नियम त्याच्या हाताला लागले, तर आपत्ती येण्यापूर्वीच निम्मे पुनर्वसन झाले.

तिसरे काम जागेचे. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी उंच, निचऱ्याची, गावाजवळची जागा ग्रामसभेने आजच निश्चित करावी. पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिन्यांसाठी गेलेली माणसे कित्येकदा सहा-सहा वर्षे तेथे राहतात.

चौथे काम निर्णयाच्या रीतीचे. स्थलांतराचा निर्णय पहिल्या पंधरवड्यात घेऊ नये. शोकाकुल माणूस त्या जागेकडे पाहूही शकत नाही, म्हणून ‘येथून न्या’ म्हणतो. वर्षाने त्याच जागेवरील पिंपळाखाली जाऊन बसतो. निर्णय ग्रामसभेत व्हावा, स्त्रियांचे मत वेगळे घ्यावे, वस्तीवस्तीनुसार शेजार टिकवून भूखंड द्यावेत, आणि घराच्या नकाशात जनावर, धान्य व चूल यांचा विचार आधी व्हावा.

आणि पाचवे काम कार्यकर्त्याचे स्वतःचे. दहा दिवसांच्या सेवेसाठी शेकडो लोक येतात आणि ते आलेच पाहिजेत. पण त्यांतील पाच जणांनी तीन वर्षे त्या गावी राहण्याचा संकल्प करावा. त्यांनी घरे बांधू नयेत. बांधणाऱ्यांच्या सोबत राहावे. हिशेब वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा, भांडण मिटवावे, मुलांची शाळा बंद पडू देऊ नये, आणि ज्याचा आवाज ग्रामसभेत ऐकू येत नाही त्याच्या शेजारी बसावे. गाव स्वतःच्या पायावर उभे राहिले, की निरोप घ्यावा.

सह्याद्रीच्या कुशीत आज शेकडो वस्त्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. त्यांतील कोणत्या वस्तीवर कोणत्या पावसाळ्यात काय ओढवेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्या वस्त्यांत कोण राहते, त्यांच्या घराचे कागद कुठे आहेत, त्यांची सुरक्षित जागा कोणती, एवढे तरी जवळच्या गावातील कार्यकर्त्याला येत्या मृगापूर्वी ठाऊक असावे. पुनर्वसनाचे काम तेथून सुरू होते.